अक्का दुपारी मोजत नसत

अक्का दुपारी कधीच मोजमाप करत नसत. सोलापूरच्या उन्हात संगणक तापतो आणि तापला की आपोआप मंदावतो. अशा वेळी कुणी कोडचा वेग मोजायला बसलं की त्या म्हणत, "कोड बोलतंय का ऊन बोलतंय, आधी बघ की." भवानी पेठेतल्या विणकर घरातल्या बाई, घरी तेलुगू बोलत. वय जेमतेम पंचेचाळीस, पण सगळं ऑफिस त्यांना अक्काच म्हणायचं.

कारखान्यातल्या यंत्रांचे निरोप नेटवर्कवरून इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. मोजायचं असलं की अक्का सकाळी सगळ्यांच्या आधी येत, बाकीचे प्रोग्रॅम बंद करत, प्रोसेसरचा वेग एका जागी बांधून ठेवत. मग जुनं कोड, नवं कोड, पुन्हा जुनं, पुन्हा नवं, असं आळीपाळीनं कितीतरी वेळा चालवत. त्याही आधी जुनं कोड जुन्याशीच ताडून बघत. मला तो वेळेचा अपव्यय वाटे.

येणाऱ्या प्रत्येक निरोपासाठी आमचं कोड नवी मेमरी मागत असे. वापरलेलीच पुन्हा वापरायची, असा बदल मी केला. भर दुपारी, एकदाच मोजलं. वेग चांगलाच वाढलेला दिसला. मी धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी त्याच दिवशी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला कळवलं, की आहे त्याच यंत्रणेवर आणखी, आहेत तेवढीच यंत्रं जोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला बोलावलं. "महेश, हे बघ. तुझ्यासारखंच वेग न बांधता जुनं कोड जुन्याशीच ताडलं, तरी तेवढाच फरक दिसतोय. तुझ्या बदलानं जे कमावलं, ते जुन्यानं काहीबी न करता कमावलंय."

मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचले.

"साहेबांना तूच सांग," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती चुगली हुईल. तू सांगितलंस तर दुरुस्ती."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि रजेचं बोलून बाहेर आलो. नोकरी अजून कायम व्हायची होती.

दोन दिवस अक्कांनी वाट पाहिली. मग बैठकीत त्याच म्हणाल्या, "मोजणी चुकली हाय. परत करू." कुणाची ते सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "मी शब्द दिलाय, अक्का. मोजणीच्या अहवालावर सही करा." मी टेबलाकडे बघत बसलो. अक्कांनी सही केली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली.

यंत्रं जोडली गेली. काही महिन्यांनी ताण वाढला आणि एका यंत्राला थांबायचा निरोप उशिरा पोचला. तिथं काम करणाऱ्या बाईची दोन बोटं गेली.

मी साहेबांना सगळं लेखी दिलं आणि थेट भवानी पेठेत अक्कांच्या घरी गेलो. बोलता बोलता रडू आलं. अक्कांनी पुरतं ऐकून घेतलं.

"त्या बाईकडं गेला हुतास का?"

"नाही."

"मग आधी हितं कशाला आलास?"

आवाज जराही चढला नव्हता. त्यांची मुलगी चहा घेऊन येत होती. मी तसाच उठलो, चपला घातल्या आणि चिंचोळीच्या रस्त्याला लागलो.