सुशीलाबाईंचा प्रश्न

घरकामासाठी आलेल्या सुशीलाबाईंकडे मी दारातच आधार कार्ड मागितलं, ओळखीच्या दोन घरांचे पत्ते विचारले. त्यांनी सगळं शांतपणे दिलं. मग म्हणाल्या, "ताई, आता मी विचारते. आधीची बाई का गेली?"

कानातलं हरवलं म्हणून मी तिच्यावर आळ घेतला होता आणि ती रडतच गेली होती. पुढे ते साडीच्या घडीत सापडलं, पण तिला सांगायला मी गेले नाही. विश्वासू बाई शोधणारी मी, माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? मी सगळं खरं सांगितलं.

"आधी तिच्याकडे जाऊन या," सुशीलाबाई म्हणाल्या. "मग मला बोलवा. आणि माझी पिशवी कुणी तपासायची नाही."

त्या जिना उतरल्या. मी चपला घातल्या.