भिंतीपलीकडचे एकशे बारा नग

दिनांक १४ मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. शेजारच्या अंगणात आज आणखी एक वॉशिंग मशीन येऊन पडले. आजअखेर वॉशिंग मशीन सात, फ्रिज चार (पैकी एक दाराविना), कूलर नऊ, पंखे मोजण्यापलीकडे. सामाईक बोळाची मोकळी रुंदी पट्टीने मोजली असता दोन फूट एक इंच भरली. सदर इसमास तोंडी सांगून उपयोग नाही. सबब ही नोंद.

अशा नोंदींची तिसरी वही त्या दिवशी संपत आली होती. वही लिहिणाऱ्या बाई बावन्न वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. नोकरी बस आगारात, सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत. प्रवाशांनी बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर अख्खी कवळी, असे सगळे त्यांच्या टेबलावर येई. प्रत्येक वस्तूला त्या क्रमांक आणि तारीख लावत, नव्वद दिवस वाट पाहत आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी ती निकालात काढत. त्यानंतर कुणी धापा टाकत आलाच, तर चष्म्यावरून पाहत म्हणत, "नियम सगळ्यांना सारखा. अर्ज द्या." आगारात त्यांना पाठीमागे 'नव्वदबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यात काही वावगे वाटत नव्हते. सगळ्यांनीच डोळ्यांवर कातडे ओढून घेतले, तर जग चालायचे कसे?

शेजारच्या अंगणात मात्र कोणताच नियम चालत नव्हता. तिथे राहणारा म्हातारा पंखे, कूलर, फ्रिज असे काहीबाही दुरुस्त करी. गंमत अशी की त्या पसाऱ्यातली एकही वस्तू त्याची नव्हती. लोक दुरुस्तीला टाकून गेले, मग नवे घेऊन मोकळे झाले, आणि जुने विसरले. म्हातारा विसरला नव्हता. प्रत्येक नगाला त्याने तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती: वस्तू कुणाची, कधी आली. ज्याच्या हाताखाली तो शिकला, त्याची शिस्त कडक होती. चिठ्ठी बांधलेली वस्तू मोडायची नाही, विकायची नाही, आणि मालकाच्या दारात आपण नेऊन द्यायची नाही. दारात गेलेला कारागीर हात पसरायला आल्यासारखा दिसतो. मालक आपल्या पायांनी आला, तरच वस्तू जागची हलायची.

हे सगळे बाईंना आईने, ती होती तेव्हा, सांगितले होते. बाई कामावर गेल्या की आई भिंतीशी खुर्ची टाकून बसे आणि पलीकडे स्क्रू पिळत बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलत राही. संध्याकाळी बाई घरात पाऊल टाकतात न टाकतात, तोच सुरू होई, "आज भाऊ म्हणत होता..."

"तो तुझा भाऊ कधीपासून झाला?"

"जो बोलतो तो भाऊ. तू बोलतेस का? आल्यापासून पिशवीच आवरते आहेस."

शेवटच्या उन्हाळ्यात आईच्या उशाचा टेबलपंखा नाहीसा झाला. आईला तोवर आठवणींचा ताळमेळ राहिला नव्हता. विचारले की "येईल, येईल" एवढेच म्हणे. बाईंनी संशय घेतला तो आईला सांभाळणाऱ्या बाईवर. "मी कशाला नेऊ हो, ताई? माझ्या घरी छताला आहे की," असे ती डोळ्यांत पाणी आणून सांगत राहिली. बाईंनी तिला त्याच दिवशी कामावरून काढले.

पुढच्याच आठवड्यात आई कोसळली. रुग्णवाहिकेची माणसे आईला स्ट्रेचरवर घेऊन बोळातून निघाली ती तिथे ठेवलेल्या त्या दाराविना फ्रिजपाशी अडली. स्ट्रेचर तिरके केले, उचलले, पुन्हा मागे घेतले. आई त्यावर पट्ट्याने बांधलेली. तिचा हात भिंतीवर खरचटला. म्हातारा धावत येऊन फ्रिज ओढू लागला, पण तोवर सात मिनिटे गेली होती. आई घरी परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, सात मिनिटांनी काही फरक पडला नसता. बाईंनी ते ऐकून घेतले. पटवून घेतले नाही. त्या सात मिनिटांचा जाब कुणीतरी द्यावा आणि बोळ मोकळा व्हावा, यापलीकडे चार वर्षांत त्यांनी काही मागितले नाही. बाराव्या अर्जावर पालिकेचे उत्तर आले: वर्षाहून जुन्या वस्तूंची तारखेसह यादी द्यावी, उचलण्यात येतील.

दोन रविवार बाई भिंतीशी स्टूल टाकून उभ्या राहिल्या आणि चिठ्ठ्या टिपत गेल्या. एकावर एक रचलेल्या ढिगात जे टोक दिसले त्यावरून वस्तूचा प्रकार टिपला, चिठ्ठीवरून तारीख टिपली. नाव टिपले नाही. आगारातल्या त्यांच्या खोलीत वस्तूचे भवितव्य तारीख ठरवी. नावाला तिथे रकानाच नव्हता.

"ताई, आत या ना," म्हातारा खालून म्हणाला. "दार उघडंच आहे. तिथून काय दिसणार?"

"मला दिसतंय."

"पडाल हो स्टुलावरून. आणि तुमचं इथं एक..."

"जे काही असेल ते पालिकेला सांगा."

म्हातारा पुन्हा स्क्रू पिळू लागला. यादी एकशे बारा नगांची झाली. बाईंनी खाली सही केली, तारीख घातली.

ट्रक आला तेव्हा बाई रजा टाकून बोळाच्या तोंडाशी यादी घेऊन उभ्या होत्या. म्हाताऱ्याने हरकत घेतली नाही. पालथ्या घमेल्यावर बसून तो पाहत राहिला. पालिकेचा मुकादम नग पुकारी, बाई खूण करीत, गडी उचलत. मुकादमाला चिठ्ठ्यांची भारी मौज वाटू लागली. म्हाताऱ्याला नावे क्वचितच ठाऊक असत. तो ओळखीची खूण लिहून ठेवी.

"बेचाळीस, कूलर. 'घाईतले साहेब'. घाईत होते, म्हणून सहा वर्षं फिरकले नाहीत!" गडी खदखदून हसले. "त्रेचाळीस, मिक्सर. 'नवीन सून'. आता तिलाच सून आली असेल. चव्वेचाळीस, टेबलपंखा. 'पलीकडच्या आई'."

बाईंची पेन्सिल कागदावर तशीच राहिली. हिरवी बैठक, तिला पडलेली चीर, चिरेवर त्यांनीच कधीतरी लावलेली चिकटपट्टी.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तो आमचा आहे."

"यादी कुणाची?"

"माझी."

"सही?"

"माझीच."

"मग काय राहिलं, बाई? यादीतला नग गाडीत चढणार. तुम्ही कचेरीत अर्ज द्या. नियम सगळ्यांना सारखा."

मुकादम उद्धट नव्हता. बाईंच्याच शांत स्वरात तो बोलला होता. पंखा गाडीत एका कूलरवर आडवा पडला, आणि मुकादमाने पंचेचाळिसावा नग पुकारला.

ट्रक गेल्यावर बाई प्रथमच त्या फाटकातून आत गेल्या.

"सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगत होतो की. आईंनी दुरुस्तीला भिंतीवरून दिला होता. म्हणाल्या, लेक येईल न्यायला." म्हाताऱ्याने हात पुसले. "दर महिन्याला चालवून बघायचो. बेरिंग जाम होऊ नये म्हणून."

"मग आणून द्यायचा! चार पावलांवर दार आहे माझं."

"आमच्यात तसं नसतं, ताई. मालकानं यायचं असतं. आणि तुमचं दारही..." त्याने पालथे घमेले उचलून भिंतीशी ठेवले. मग विचारले, "आई बोलायच्या माझ्याविषयी?"

"रोज," बाई म्हणाल्या. या एका शब्दापलीकडे त्याला देण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते.

महिन्याभरात म्हातारा बहिणीकडे राहायला गेला. कशाची वाट पाहायची, तेच उरले नाही म्हणाला. कचेरीने बाईंच्या अर्जावर कळवले की उचललेले सामान मोडीत निघाले आहे. सांभाळणाऱ्या बाईचा शोध घेतला, तर तिने घर बदललेले. नवा पत्ता कुणाकडे नव्हता. बोळ आता तीन फूट आठ इंच मोकळा आहे. त्यातून स्ट्रेचर सरळ जाईल. मात्र घरातून कुणाला हाक मारली, तर ऐकायला भिंतीपलीकडे कुणी नाही. चौथी वही आणून ठेवली आहे, तिच्यात एकही नोंद नाही. आईची खुर्ची अजून भिंतीशीच आहे. संध्याकाळी बाई तिच्यावर बसतात आणि पलीकडच्या झाडून काढलेल्या जमिनीकडे पाहतात.

वाचकहो, म्हाताऱ्याला बोल लावणे सोपे आहे, बाईंना लावणे त्याहून सोपे. पण ते अंगण त्या दोघांनी भरले नव्हते. 'उद्या येतो' म्हणून गेलेल्या माणसांनी ते भरले होते. तेव्हा मागणी एवढीच: तुम्ही कुणाकडे काही दुरुस्तीला टाकले असेल, तर आज जा आणि घेऊन या. माणूस पाठवू नका, चिठ्ठी पाठवू नका. स्वतः जा, फाटकातून आत जा, आणि त्याच्याशी दोन शब्द बोला.