मुंबईसाठी बसलेला घसा

जळ्ळे मेले ते सल्ले! ह्यांची नोकरी गेली त्या वर्षी आमच्या घरात वाणसामान कमी आणि सल्लेच जास्त येत होते. शेजारच्या वकिलीणबाई म्हणाल्या, केसांना कलप लावायला सांगा. दादरचा माझा भाऊ म्हणाला, मॅनेजरकी विसरा, मिळेल त्या खुर्चीत बसा. कोणी म्हणे शनिवार धरा. ह्यांनी सगळ्यांचं हसून ऐकलं आणि केलं काहीच नाही.

हे फोर्टात एका रंगाच्या कंपनीत विक्रीखात्याचे मॅनेजर होते. साहेब कंपनी विकून विलायतेला गेला, नव्या मालकांनी आपली माणसं आणली, आणि पन्नाशी उलटल्यावर हे गिरगावातल्या आमच्या गॅलरीत आरामखुर्चीवर येऊन बसले. मुलीचं लग्न ठरलेलं. आता नोकरी नाही म्हटल्यावर ती माणसं काय म्हणतील, ह्या विचाराने मला एका जागी बसवत नसे. फडताळ उघडायचं, बंद करायचं, गॅलरीत जायचं, परत आत यायचं. पोस्टमन येऊन गेला तरी माझे कान जिन्याकडेच.

मुलाखतीची बोलावणी येत नव्हती असं नाही. हे कोट चढवून जायचे. परत आले की पाणी द्यायच्या आधी मी विचारायची, "काय झालं?"

"छान झालं. त्यांनी विचारलं, विक्री वाढली ती कशी? म्हटलं, साहेबांचं मार्गदर्शन होतं, आणि माझे लोक चांगले होते."

"अहो, मग ते तुमच्या लोकांनाच ठेवतील! तुम्हाला कशाला?"

"स्वतःच्या तोंडाने स्वतःचं काय सांगायचं? शोभतं का ते?"

कपाळ माझं! ह्यांच्याकडे सगळे असेच. नणंदेला बघायला पाहुणे आले, तर तिने केलेल्या गुळपोळीवर ते ताव मारत असताना सासूबाई त्यांना सांगतात, तिला स्वयंपाक बेताचाच येतो हो. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे त्या घराला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि हाच माणूस संध्याकाळी सभेला जायचा! दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. कधी चौपाटी, कधी शिवाजी पार्क. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं ओरडून ओरडून घसा बसवून घरी यायचे. गुळण्यांना मिठाचं पाणी देताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"मुंबई मागताना झालाच पाहिजे, आणि नोकरी मागताना आपली मर्जी? तिथे का नाही फुटत हा आवाज?"

"मुंबई सगळ्यांची आहे गं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नोकरी माझ्या एकट्याची."

मी तांब्या आपटला.

शेवटी एका गुजराती शेठनी निरोप पाठवला. परळला त्यांचा कारखाना होता. रविवारी सकाळी माटुंग्याला घरी या, बाईंनाही आणा. मोठ्या जागेवर माणूस घ्यायचा तर त्याच्या घरचं माणूसही बघायची त्यांची रीत. मी ह्यांच्याकडून घोकून घेतलं.

"म्हणा, मी विक्री वाढवली."

"आम्ही विक्री..."

"मी!"

आदल्या संध्याकाळी पुन्हा सभा. रविवारी आवाज जेमतेम निघत होता. वाटेत बजावलं, सर्दी झालीय म्हणून सांगा.

शेठाणीने चहा दिला. शेठनी पहिलाच प्रश्न केला, "घशाला काय झालं?"

"सभेला गेलो होतो," हे म्हणाले.

संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"मुंबई तुमची झाली तर आम्ही कुठे जायचं?"

"कुठेही नाही. तुम्ही इथलेच."

शेठनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हरताळाच्या दिवशी कंपनीचा माल कोण पोचवायचं?"

"त्या दिवशी कोणी नाही. मी स्वतः गोदामाला कुलूप लावायचो. दुसऱ्या दिवशी पहाटे मीच जाऊन उभा राहायचो. संध्याकाळच्या आत माल दुकानांत. एक गिऱ्हाईक तुटू दिलं नाही मी."

मी! मीच! माझा कानांवर विश्वास बसेना. शेठ हसले आणि म्हणाले, पहिल्या तारखेपासून या.

रस्त्यावर आल्यावर मला नाचावंसं वाटत होतं. हे मात्र मान खाली घालून चाललेले. "जास्त बोललो का गं? फार मी मी केलं. गोदामात माझ्याबरोबर माझ्या हाताखालची दोन माणसंही असायची. त्यांचा उल्लेखच केला नाही."

"खबरदार आता तोंड उघडाल तर! पोरीचं लग्न आहे."

सोमवारी सकाळी ह्यांनी कोट चढवला आणि मला न सांगता बाहेर पडले. मी गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून गॅलरीत. देवाला नको नको ते बोलले. दुपारी आले.

"काय केलंत?"

"सांगून आलो. एकट्याचं काम नव्हतं ते. माझे दोघं होते, तेही सध्या घरीच बसलेत."

"आणि शेठ?"

हे वाकून बुटाची नाडी सोडत होते. "त्या दोघांनाही घेतलं."

"आणि तुम्हाला?" मी किंचाळलेच.

"मला कालच घेतलंय ना," ते म्हणाले. "त्या दोघांना जेवायला बोलावलंय संध्याकाळी. चालेल ना?"

मी डाळ आणखी दोघांपुरती वाढवायला आत गेले आणि चुलीसमोर बसून पोटभर रडले.