गाडीच्या कार्पेटचा निळा रंग

धीर या गोष्टीशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. दूध तापेपर्यंत गॅसपुढे उभं राहणंसुद्धा मला शिक्षा वाटते. अशा बाईने ऐन लग्नघरात गाडीचं कार्पेट रंगवायला काढू नये, हे मला कोणी सांगितलं नाही असं नाही. सगळ्यांनीच सांगितलं.

गाडी बाबांची. वायरमनच्या नोकरीतून निवृत्त होण्याआधी त्यांनी ती जुनीच घेतली होती. कामरगावच्या आमच्या घरापुढे सावली नाही, त्यामुळे ती बारा महिने उन्हात उभी. बाहेरून बाबा तिला रोज फडकं मारत, म्हणून अंगाने चकचकीत. आतलं कार्पेट मात्र काचेतून येणाऱ्या उन्हाने पार विटलेलं. मूळ रंग राखाडी होता म्हणे. आता तो चहाच्या चोथ्यासारखा झाला होता.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी एकच इच्छा बोलून दाखवली. "हॉलपर्यंत पोरीले मी माह्या गाडीत नेईन."

बहीण हसत म्हणाली, "बाबा, पांढरी साडी नेसून त्या गाडीत? पाय ठेवाले जीव होत नाई तिच्यात."

बाबा उठले आणि बाहेर जाऊन टायरची हवा बघत बसले. हवा ठीकच होती. आमच्या बौद्ध लग्नांत नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात असतात, तेव्हा तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला तिचा रागच आला. माझ्या लग्नाच्या वेळी घरी गाडी नव्हती. मी पाहुण्यांनी खचाखच भरलेल्या जीपमधून गेले होते. हिला बाप स्वतः न्यायला तयार आहे आणि हिला कार्पेट दिसतं! खरं सांगायचं तर हेवाही वाटला. त्या तिरमिरीतच मी जाहीर केलं, की कार्पेट मी नवं करून देते.

मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस इतक्या सावकाश बोलत होता की मी त्याला दुप्पट वेगाने पळवलं. सीट काढा, कार्पेट धुवा, पूर्ण वाळवा, रंग ब्रशने मुरवा. रंग कोणता घ्यायचा यावर घरात वाद झाला. आई आणि मी काळा म्हणत होतो, कारण काळ्यात सगळं लपतं. बाबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"लपवाचं काय हाय त्याच्यात? निळा आण."

आमच्या घरात निळ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मी कारंजाला गेले. तिथे ओढण्या रंगवून देणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडून रंगाच्या पुड्या घेतल्या. "बेटा, हा कपड्याचा रंग हाय. गाडीत किती टिकन, सांगता येत नाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, एक दिवस टिकला तरी बस झालं." परतीच्या बसमध्ये पुड्या मांडीवर घेऊन बसले होते. ड्रायव्हर झोपला आहे की काय, असं मला सारखं वाटत होतं.

सीटचे गंजलेले नट बाबांनी सोडवले. सीटखाली त्यांची हरवलेली पक्कड सापडली. तिच्यावरून त्यांनी आईला किती तरी दिवस बोल लावला होता. आईने ती पक्कड उचलून मुकाट्याने त्यांच्या पुढ्यात ठेवली. कार्पेट अंगणात घासलं तर एवढी माती निघाली की त्यात मेथी पेरता आली असती. मग ते वाळत घातलं. वाळत घातलं म्हणजे मी दर थोड्या वेळाने जाऊन हात लावून आले. कडा ओल्याच होत्या, पण मला दम कुठला! रंग कालवला आणि लावायला बसले.

काय सुंदर दिसलं ते! बाबा दोनदा येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर पांढरा रुमाल घासला. रुमाल निळा झाला. कार्पेट पुन्हा धुतलं, मिठाच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं. रुमाल निळाच. घरात पाहुणे भरले होते, नवरी निवांत मेंदी काढून घेत होती, आणि मी रुमाल घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते. "लगन हिचं हाय का तुहं?" आत्या म्हणाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे ते नवरीच्या बहिणीनेच बांधलं होतं. रात्री झोप लागली नाही. डोळे मिटले की पांढऱ्या साडीचा निळा काठ दिसायचा.

लग्नाच्या सकाळी कार्पेट आणि सीट परत गाडीत बसवल्या, जेवणाच्या टेबलावरचं पारदर्शक प्लास्टिक कापलं आणि नवरीच्या सीटपुढे नीट अंथरलं. तेवढ्यात मामा कोणाची तरी नवी कोरी गाडी हार-फुलं लावून घेऊन आले. "हिच्यात बसव पोरीले, एसी हाय," ते म्हणाले. बहीण दारात उभी राहिली. बाबा किल्ली हातात घेऊन आपल्या गाडीजवळ. तिने मला हळूच विचारलं, "ताई, रंग लागन तर नाई ना?"

"नाई लागत," मी म्हटलं.

ती बाबांच्या गाडीत बसली. बाबांनी आपले नवे बूट काढून डिकीत ठेवले आणि अनवाणीच चालवायला बसले. मला वाटलं, बूट चावत असतील. मी मागे बसले आणि कारंजाच्या हॉलपर्यंत पुढे वाकून तिच्या साडीचा काठ बघत राहिले. मे महिन्यातलं ऊन, सगळे घामाने निथळत होतो. हॉलपुढे ती उतरली. साडी स्वच्छ! मला हायसं वाटलं.

आत वंदना झाली. भंतेजींनी आईवडिलांना पुढे बोलावलं. आई गेली, बाबा कुठेच दिसेनात. मी धावत बाहेर आले. बाबा गाडीतच होते, दार उघडं टाकून बाटलीच्या पाण्याने पाय चोळत. तळवे, घोटे, पांढऱ्या पँटच्या मोहऱ्या, सगळं निळं.

"बूट काहून काढले तुमी?" मी ओरडलेच.

"एवढं नवं केलं तू. त्याच्यावर बूट ठेवू काय?"

रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. ते म्हणाले, "तू जाय. मी मांगून येतो. व्याही लोक काय म्हणतीन?"

मी आत जाऊन बहिणीच्या कानात सांगितलं. तिने हातातला हार खाली ठेवला. "बाबा आल्याबिगर मी हार घालत नाई," ती म्हणाली. माइक समोरच होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

बाबा आले. मोहऱ्या लपवायला पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, त्यामुळे निळे ओले पाय सगळ्यांनाच दिसत होते. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. बहीण स्टेजवरून उतरली, वाकली आणि दोन्ही हात त्यांच्या पायांवर ठेवले. उठली तेव्हा तिची बोटं निळी झाली होती. ती तिने पदराला पुसली आणि हार हातात घेतला.