दासीची नजर

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडेवाकडे आहे, माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले.

आज टीव्हीवर आमच्या स्टुडिओचा जुना बोलपट लागला. राणीच्या मागे चवरी ढाळणारी दासी मी. सून म्हणाली, "आई, सगळ्या दासी खाली बघताहेत, तुम्हीच तेवढ्या समोर."

मी पगारी नटी होते. आईच्या आजारपणात मालकांकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत दुसऱ्या स्टुडिओत जायचे नाही, मोठी भूमिका मागायची नाही. त्या दिवशी मालक म्हणाले, "दासी आहात बाई, नजर खाली." मी मान डोलावली. कॅमेरा सुरू झाला आणि सरळ समोर पाहिले. आज उभे केले तरी तसेच बघेन. त्याच सकाळी पगारातून शेवटचा हप्ता कापून मुनीमजी म्हणाले होते, "बाई, तुमची उचल फिटली."