साहेबांचं ताट

साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगतो. सातवीतून शाळा सुटलेल्या पोराला दिल्लीच्या बंगल्यात स्वयंपाकाला कोण ठेवतं? त्यांनी ठेवलं. आजही त्यांचा चहा जरा थंड झाला तर मी धावत जाऊन दुसरा ठेवतो.

साहेब देशभर गरिबाच्या घरी जेवतात. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. पण परक्या हातचं साहेब खात नाहीत. डबा माझा असतो. आम्ही पोचलो की घरच्या बाईला ओवाळायला बाहेर बोलावतात. तेवढ्यात मी चुलीपाशी बसून तिच्याच ताटात माझी भाजी-भाकरी वाढतो आणि तिचं झाकून ठेवतो. बाई ओवाळण्यात, घरचे फोटोत. कधी कुणाला कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात भोकरदनला सभा होती. जेवायला साहेबांच्या पीएंनी घर निवडलं ते जवळच्या धावडा गावातलं, माझंच. "स्वतःच्या स्वयंपाक्याच्या आईकडं साहेब जेवले. बातमी जोरात चालंल," म्हणाले.

मायला फोन केला. ती आधी हसली.

"मी तुला मागून घेणार हाये तुझ्या साहेबाकडून," ती म्हणाली. "आठ दिवस. लई साल झाले, घरी टिकलाच न्हाई तू."

"माय, काही मागू नको."

"जेवल्यावर मागीन ना! माझ्या हातचं खाऊन मला न्हाई म्हणंल का?"

मायचं हे कायमचंच. आधी जेवू घालायचं, मग तोंड उघडायचं. न जेवलेल्या माणसाकडं तिनं कधी मीठसुद्धा मागितलं नाही.

सभेच्या सकाळी मी भीत भीत पीएंना म्हणालो, "आज खरंच तिच्या हातचं खाऊ द्या ना. माझीच माय आहे."

"तुझी माय आहे म्हणून साहेबांचं पोट बदललं का?" ते म्हणाले. "आणि नोकरी नको असंल तर आत्ताच सांग."

गाड्या थांबल्या. माय नवं लुगडं नेसून ताम्हण घेऊन बाहेर गेली. मी आत. टोपल्यात बाजरीच्या भाकरी वाफाळत होत्या, वांगी, ठेचा, सगळं तयार. मी ते तिच्याच फडक्यानं झाकलं. सकाळी जालन्याच्या विश्रामगृहात गॅसवर केलेल्या माझ्या भाकरी ताटात ठेवल्या.

साहेब मांडी घालून बसले. कॅमेऱ्यांकडं बघत पहिला घास घेतला. "माय, अशी भाकरी दिल्लीत मिळत नाही बरं!" सगळे हसले.

माय जवळच उभी होती. तिचं लक्ष ताटात गेलं. तिच्या भाकरीला चुलीतल्या निखाऱ्याचे काळे डाग पडतात. ताटातल्या भाकरीला एक डाग नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली.

हात धुता धुता साहेब मोठ्यानं म्हणाले, "बोला माय, काय पाहिजे तुम्हाला? आज नाही म्हणणार नाही."

पीए हसत होते.

"काही न्हाई साहेब," माय म्हणाली. "तुम्ही आलात, बास झालं."

डबा उचलायला मी आत गेलो. ती मागून आली.

"मागितलं का न्हाई, माय? आठ दिवस दिले असते की त्यांनी!"

"कुठल्या तोंडानं मागू? जेवला कुठं तो?" ती टोपल्यातल्या भाकरी फडक्यात बांधू लागली. गाठ मारता मारता म्हणाली, "सगळ्याच बायांसंगं असं करता का रं तुम्ही?"

बाहेर हॉर्न वाजला. तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं. "जा. वाट बघून राह्यलेत."

साहेबांची औषधं माझ्याकडं असतात, म्हणून मी त्यांच्याच गाडीत पुढं बसतो. गाव मागं पडलं तसं ते म्हणाले, "कसला वास येतोय रे?"

"भाकरी आहे, साहेब. मायनं दिली."

"मागच्या गाडीत दे ते. डोकं चढलं माझं."

गाडी थांबली. मी उतरून गाठोडं मागं दिलं. मागच्या गाडीतल्या पोलिसांनी ते तिथंच उघडून खायला सुरुवात केली. मी परत येऊन बसलो.

"तुझी आई समजदार आहे पण," साहेब डोळे मिटून म्हणाले. "काही मागितलं नाही."

"जी, साहेब," मी म्हणालो, आणि त्यांची दुपारची गोळी काढून दिली.