माझ्या वाटणीची आवर्तनं

मुंबईच्या हॉटेलांत वीस वर्षं सॅक्सोफोन वाजवून मी सांगलीला परतलो आणि जॅझचा क्लास काढला. काढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. दुचाकींच्या गॅरेजवर एक खोली घेतली, बाहेर भलीमोठी पाटी लावली आणि जॅझसाठी तहानलेली जनता जिना चढून येईल म्हणून वाट बघत बसलो. पहिल्या महिन्यात तिघं आली. दोन बायकांना मुलांचं गॅदरिंगचं गाणं बसवून हवं होतं. तिसरा गाडीचं काम झालं का ते विचारायला चुकून वर आला होता.

मी मूळचा पलूसचा. वडिलांचा लग्नात वाजवणारा बँड होता. त्यांच्याच मागं चालत मी क्लॅरोनेट शिकलो आणि कानात वारं शिरल्यावर ‘हे काय वाजवणं!’ म्हणून मुंबईला पळालो. तिथं लोकांच्या जेवणात अडथळा येणार नाही अशा बेतानं वाजवायचं असे. त्याला मी कलासाधना म्हणायचो.

क्लासच्या तिसऱ्या वर्षी मला खरा विद्यार्थी मिळाला. कुपवाडला लेथवर काम करणारा, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. लग्नसराईत तो बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. त्याला मी जॅझची रीत शिकवली. धून सगळ्यांनी मिळून धरायची, मग एकेकानं आपल्या पाळीला त्यातूनच स्वतःचं काहीतरी काढायचं आणि वेळेत थांबून पुढच्याला जागा द्यायची. वेळेत थांबण्यावर माझं तासाभराचं व्याख्यान आहे.

गेल्या वर्षी एका वाचनालयाच्या सभागृहात आम्ही कार्यक्रम ठेवला. पलूसहून चुलते, चुलतभाऊ, झाडून सगळे आले. माझ्या माणसांसमोर मी आयुष्यात एकदाही मनासारखं वाजवलं नव्हतं. म्हणून शेवटची धून मी स्वतःसाठी राखली होती. त्यात या विद्यार्थ्याची आठ आवर्तनं आणि पुढची सगळी माझी. महिनाभर मी आरशासमोर उभा राहून तयारी करत होतो. बायको म्हणाली, “लग्नातसुद्धा इतकं नटला नव्हता.”

पण प्रमुख पाहुणे स्वतःच्या बालपणावर बोलायला लागले ते थांबेनात. शेवटची धून सुरू झाली तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि आठला सभागृह रिकामं करायचं होतं. शिपाई दारात किल्ल्या घेऊन उभाच होता.

त्याची आठ आवर्तनं झाली. नववं सुरू झालं. मी खाकरलो. दहावं, अकरावं. माझा सॅक्सोफोन गळ्यात लटकलेला, तोंडात धरायची पत्ती ओली करून तयार. समोर बघितलं, तर मघापासून डुलक्या काढणारे चुलते सावरून बसले होते. इतका जळफळाट मला कधी झाला नव्हता. हॉटेलात मॅनेजरनं हात वर केला की आम्ही मुकाट्यानं थांबायचो. मीही विद्यार्थ्याकडं बघत हात वर केला.

त्यानं डोळे उघडले, माझा हात बघितला, हसला आणि असा काही वरचा सूर लावला की माझा हात तसाच राहिला. मग जे वाजवलं ते मी त्याला शिकवलेलं नव्हतं. मला ते येतच नाही. आठ वाजून गेले तरी शिपाई किल्ल्या वाजवायचं विसरला होता.

टाळ्या थांबल्यावर तो पाया पडला. “सर, मोजायचं भानच ऱ्हायलं न्हाई. आता तुमची पाळी म्हणून मी थांबतच हुतो. तुमी हात वर केला, तवा म्हटलं, वाढवायला सांगत्यात.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वरात चौकात आली, नाच रंगला, की बँडमास्तर हात वर करतो. म्हणजे सोडू नका, वाढवा. बँडमास्तरचा मुलगा असून मी ते विसरलो होतो. चुलत्यांनी पाठ थोपटली. “आपली पाळी शिष्याला दिलीस. लय मोठं मन हाय गड्या तुझं!” मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला.

पुढच्या रविवारी क्लासला त्यानं विचारलं, “सर, तुमाला वाजवायचं हुतं न्हवं? मग मला का वाढवायला सांगितलं?”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “तुला ऐकायचं होतं.”

चक्क खोटं बोललो. पण घरी जाताना आठवलं, त्या वरच्या सुरानंतर माझ्या गळ्यात सॅक्सोफोन आहे हे मला शिपायानं दिवे बंद करेपर्यंत आठवलं नव्हतं.